गेम तसा बरा आहे

पुण्यात कुठलीही गोष्ट नवी निघाली, की ती आधीपेक्षा बिघडलेलीच निघते. मिसळ बिघडते, सवाई बिघडतो, विसर्जनाची मिरवणूक बिघडते, आणि लक्ष्मी रोडवरची गर्दीसुद्धा 'पूर्वीची गर्दी राहिली नाही' म्हणून बिघडते. हे म्हणण्याचा अधिकार साठीनंतर मिळतो, अशी माझी समजूत होती. अलीकडे वयाची अट शिथिल झालेली दिसते. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. चौघे आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये फरसाणाची ताटली मधे ठेवून फुटबॉलचा नवा गेम खेळत होते. त्यातला एक सुस्कारा टाकून म्हणाला, "फिफा बाराची मजा आता नाही रे. ते दिवसच वेगळे होते." मी हिशेब केला. फिफा बारा आला २०११ साली. त्या वेगळ्या दिवसांत हा मुलगा पहिलीत होता आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

फुटबॉलचा गेम दर वर्षी सप्टेंबरअखेरच्या सुमारास नवा येतो. पहिला आला १९९३ मध्ये, आणि मग तीस वर्षं तो 'फिफा' या नावानेच आला. पुढे गेम काढणारी ईए ही कंपनी आणि खुद्द फिफा यांचं पैशांवरून फाटलं. मे २०२२ मध्ये फारकत जाहीर झाली आणि पुढच्या वर्षीपासून गेमचं नाव पडलं 'ईए स्पोर्ट्स एफसी'. या घडामोडीचा पुण्यावर काहीही परिणाम झाला नाही. सगळे अजून फिफाच म्हणतात. मात्र एफसी २४ हा नव्या नावाचा पहिला गेम आला त्याची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे : २९ सप्टेंबर २०२३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. म्हणजे जगभरची पोरं गेम डाउनलोड करत होती तेव्हा पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीचा दुसरा दिवस उजाडला होता. अलका चौकातून मंडळं इंच इंच सरकत होती आणि आमच्या घरी शंभर जीबीच्या आसपासचं डाउनलोड टक्का टक्का सरकत होतं. भाचा रात्रभर जागा होता. कशासाठी, ते त्याच्या आईला त्याने सांगितलं नाही. तिला वाटलं, पोरगं सश्रद्ध आहे.

आता दर्जाबद्दल. हा शब्द आमच्या हॉलमध्ये फार वापरला जात नाही. तिथे गेम एक तर 'भारी' असतो, नाही तर 'गंडलेला', आणि बहुतेक वेळा एकाच सामन्यात दोन्ही असतो. कंपनीने खर्चात कसूर केलेली नाही. फिफा २२ साठी बावीस खऱ्याखुऱ्या खेळाडूंना अंगासरशी बसणारे, जागोजागी संवेदक शिवलेले पोशाख घालून पूर्ण ताकदीने सामना खेळायला लावलं आणि त्यांच्या प्रत्येक सांध्याची हालचाल टिपून घेतली. एफसी २४ साठी तर १८० हून जास्त खऱ्या सामन्यांतली हालचाल कॅमेऱ्यांतून काढून घेतली. परिणाम असा, की पडद्यावर हालांड पळतो तो हालांडसारखाच पळतो. घाम दिसतो. जर्सीला चुण्या पडतात. पाऊस पडला की चेंडू जड होतो. मी एकदा न राहवून म्हणालो, "गवत फार सुरेख काढलंय, नाही?" चौघांनी माझ्याकडे पाहिलं आणि चौघांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही.

कारण त्यांचं दुःख वेगळं आहे. गोलकीपर येडा आहे. समोरून आलेली तोफ अडवतो आणि पायाशी घरंगळत आलेला चेंडू आत सोडतो. डिफेंडर जागा सोडून फिरायला जातात. रेफरीला दिसत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गेम 'ठरवतो'. आपण जिंकत असलो की नव्वदाव्या मिनिटाला आपल्या खेळाडूंच्या पायांत आतूनच कोणी तरी शिसं ओततं आणि गोल होतो. हा संशय फक्त कोथरूडचा नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात काही खेळाडूंनी कंपनीवर याच मुद्द्यावरून दावा लावला होता. असं काही आम्ही करत नाही, असं कंपनीने ठामपणे सांगितलं आणि पुढच्या वर्षी दावा मागे घेतला गेला. आमच्या हॉलमधला दावा मागे घेतलेला नाही. भाच्याचं म्हणणं असं, की नव्वदाव्या मिनिटाला तो गोल मारतो ते कौशल्य असतं आणि खातो ते कोडिंग असतं. या वयात इतकी पक्की विचारसरणी असली की पुढे सोसायटीच्या कमिटीवर अडचण येत नाही.

डिफेंडर फिरायला जाण्याचा प्रश्न मात्र सुटला, आणि तो तापकीर गल्लीत सुटला. महिनाभर भाच्याची तक्रार होती, की या वर्षीच्या गेममध्ये बचावफळीची पार वाट लावली आहे, माणूस उभा करावा तर तो आपला आपण डावीकडे चालायला लागतो. मी बुधवार पेठेत निघालोच होतो, त्याला म्हटलं, रिमोट घेऊन चल. (हातात धरायच्या त्या यंत्राला कंट्रोलर म्हणतात. आमच्या घरात ज्याला बटणं आहेत तो रिमोट.) गल्लीतलं दुकान तीन फुटांचं. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं, चार स्क्रू काढले, वरचं कवच उचललं आणि आतली अंगठ्याने फिरवायची काठी मध्यावर सोडून तपासली.

"डावीकडे ओढतेय," तो म्हणाला. "हिच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात. एक आडव्याला, एक उभ्याला. आत कार्बनचा पट्टा, त्याच्यावर पातळ पत्रा घासतो. वर्षभर दाबून दाबून कार्बन झिजला, की काठी मधे असली तरी मशीनला वाटतं तुम्ही ढकलताय."

मग त्याने चिमटा आत घातला आणि एक काडी बाहेर काढून काचेवर ठेवली. तिघांनी वाकून पाहिलं. शेव होती. लसणाची असावी.

"फुटबॉल खेळता?" त्याने भाच्याला विचारलं.

"हो. कसं कळलं?"

"डावी काठी पार गेली आणि उजवी नवीकोरी आहे. उजवीने ट्रिका करतात. तुम्हाला ड्रिबलिंग जमत नाही वाटतं."

फुटबॉलच्या गेमवरची अनेक परीक्षणं मी ऐकली आहेत, पण खेळणाऱ्याचं इतकं थोडक्यात आणि इतकं अचूक परीक्षण ऐकलं नव्हतं. लोहचुंबकावर चालणारी काठी बसवली तर ती घासत नाही, म्हणून झिजतही नाही, असं दुकानदाराने सुचवलं. तिची किंमत ऐकून भाच्याने कार्बनवर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी बचावफळी जागेवर उभी होती. "कंपनीने पॅच टाकला वाटतं," भाचा मित्रांना सांगत होता.

गेमच्या गुणवत्तेचा विषय निघाला की २०२१ चं स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या वर्षी ३० सप्टेंबरला जपानच्या कोनामीने 'ईफुटबॉल २०२२' काढला, आणि तो फुकट दिला. कोनामी म्हणजे एके काळी 'प्रो इव्होल्यूशन'वाले. तासावर प्लेस्टेशन भाड्याने देणाऱ्या दुकानांत 'पेस' की 'फिफा' यावरून दोस्त्या तुटत, त्यातला पेस यांचाच. ईफुटबॉलमध्ये मेस्सी आणि रोनाल्डो यांचे चेहरे असे उमटले होते, की त्यांच्या घरच्यांनीही ओळख दाखवली नसती. प्रेक्षकांतल्या काहींना बोटं पुरेशी मिळाली नव्हती. 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात लोकांनी शेऱ्यांचा असा पाऊस पाडला, की तिथल्या सगळ्यात वाईट शेरे मिळालेल्या गेमच्या यादीत तो तळाला जाऊन बसला. कोनामीने माफी मागितली. ज्याला धड आवृत्ती म्हणता येईल ती आली २०२२ च्या एप्रिलमध्ये. फुकट मिळालेल्या वस्तूला लोक एवढी नावं का ठेवतात, असा प्रश्न तेव्हा बाहेरगावच्या लोकांना पडला होता. आपल्याकडे तो पडू नये. विकतच्या वस्तूला नावं ठेवताना पैसे गेल्याचं दुःख मधे येतं. फुकटच्या वस्तूला ठेवताना सगळं लक्ष कामावर देता येतं.

आणि विकतची म्हणजे किती विकतची? गेमला चार-पाच हजार मोजले की संपलं, असं मला वाटत होतं. तिथून सुरू होतं. 'अल्टिमेट टीम' नावाचा प्रकार २००९ पासून आहे. त्यात खेळाडूंची पाकिटं विकत घेता येतात. आत कोण आहे ते फोडल्यावर कळतं. एम्बाप्पे निघेल या आशेने फोडावं आणि डेन्मार्कच्या कुठल्याशा क्लबचा राखीव कीपर निघावा. बेल्जियमने २०१८ मध्ये याला सरळ जुगार ठरवलं आणि २०१९ च्या जानेवारीत कंपनीने तिथे पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं बंद केलं. हे मी घरात वाचून दाखवलं तेव्हा भाच्याची मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे बेल्जियमला आत्ता कळलं? आमच्या शाळेबाहेर तो चिठ्ठ्यांचा पुठ्ठा असायचा. चार आण्याला एक चिठ्ठी फाडायची. पिपाणी निघायची, नाही तर बोरकूट. वर टांगलेला मोठा फुगा वर्षभर तिथेच." तिची तुलना योग्य होती, एक फरक सोडला तर. पुठ्ठेवाला दर सप्टेंबरात तुमच्या सगळ्या पिपाण्या रद्द करून नवा पुठ्ठा आणत नसे.

आता जरा नाजूक विषयाकडे येतो. या गेममध्ये जगातले शेकडो क्लब आहेत. ज्यांच्याशी करार जमला नाही तेही खोट्या नावाने आहेत. ही परंपरा जुनी. कोनामीच्या जुन्या गेममध्ये मँचेस्टर युनायटेड 'मॅन रेड' होऊन खेळत असे, आणि रोबेर्तो कार्लोसचा एके काळी 'रोबेर्तो लार्कोस' झाला होता. पुढे हीच पाळी ईएवर आली. युव्हेंटसचे हक्क कोनामीकडे गेले, म्हणून फिफा २० ते २२ अशी तीन वर्षं तो बलाढ्य क्लब 'पिएमोंते काल्चो' या नावाने वावरला. एफसी २५ मध्ये इंटर मिलानचं 'लोम्बार्दिया एफसी' झालं. जर्सी दुसरी, बिल्ला दुसरा, पण माणसं तीच. कोर्टात ओळख पटू नये आणि गिऱ्हाइकाला पटावी, इतपत बदल. नाव बदललं तरी ते बिचारे आत तरी आहेत. पुणे आतच नाही.

याचा इतिहास ज्यांना माहीत नाही त्यांना वाटेल, की पुण्यात फुटबॉल नव्हताच. पेठांमध्ये तो बेताचाच होता हे खरं. पेठ क्रिकेटची, कबड्डीची, खो-खोची. पण कॅम्प, खडकी, घोरपडी इथे फुटबॉल लष्कराबरोबर आला आणि राहिला. आणि व्यावसायिक क्लबांचं म्हणाल तर एक काळ असा होता, की ते उतू जात होते. २००७ मध्ये पुणे एफसी निघाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तीत एफसी पुणे सिटी आला. त्याच सुमारास भारत एफसी नावाचा आणखी एक क्लब निघाला. म्हणजे २०१४-१५ च्या मोसमात एकट्या बालेवाडीच्या मैदानाला तीन व्यावसायिक क्लब आपलं घर म्हणत होते. घर एक आणि मालक तीन, हे पुण्याला नवं नाही, पण बहुतेक वेळा तिघांपैकी एक जण तरी टिकतो. इथे पुणे एफसीचा व्यावसायिक संघ त्या मोसमानंतर बंद. भारत एफसी एका मोसमात बंद. मग डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला, दोन मोसम खेळला आणि गेला.

राहता राहिला एफसी पुणे सिटी. जांभळा आणि नारिंगी. सहमालकांत हृतिक रोशन. पहिल्याच मोसमात त्यांनी डाव्हिड त्रेझेगेला आणलं. २००० च्या युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध सुवर्ण गोल मारून ज्याने फ्रान्सला चषक मिळवून दिला, तो त्रेझेगे. तो बालेवाडीत खेळत होता, आणि माझ्या ओळखीचे निम्मे लोक त्या वेळी शेजारच्या हायवेवरून लोणावळ्याला चालले होते. पुढच्या वर्षी रुमानियाचा मुटू आला. त्याच्या पुढच्या वर्षी आइसलँडच्या गुडयॉनसनला करारबद्ध केलं, तो मोसम सुरू होण्याआधीच जायबंदी झाला. मार्च २०१८ मध्ये संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. बंगळुरूशी बालेवाडीत शून्य-शून्य बरोबरी झाली, आणि तिकडे त्यांच्या मैदानावर सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल चढवले. २०१९ मध्ये हाही क्लब बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली.

आता तारखांची गंमत पाहा. इंडियन सुपर लीग गेममध्ये आली ती फिफा २२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये. पुण्याचा क्लब दोन वर्षं आधी गेलेला. ज्या हैदराबादला आपली जागा मिळाली तो क्लब गेममध्ये शिरला, आणि नुसता शिरला नाही, २०२२ च्या मार्चमध्ये फातोर्ड्यात केरळला पेनल्टीत हरवून खरीखुरी लीग जिंकून बसला. पुण्याच्या वाट्याला काय आलं, तर लहानपणी फिफात युव्हेंटसकडून ज्या त्रेझेगेला आपण अंगठ्याने पळवलं त्याला एकदा समोर पाहिल्याची आठवण. तीही जे लोणावळ्याला गेले नव्हते त्यांना.

पण गेममध्ये यावर एक उपाय आहे, आणि गेमच्या दर्जाबद्दल माझं मत बरं होण्याचं खरं कारण तो उपाय आहे. फिफा २२ पासूनच 'स्वतःचा क्लब काढा' अशी सोय झाली. नाव तुमचं, बिल्ला तुमचा, जर्सी तुमची, खुर्च्यांचा रंगही तुमचा. अट एकच : लीगमधला एखादा क्लब काढून त्याच्या जागी आपला बसवायचा. भाच्याने एफसी २४ मध्ये इंडियन सुपर लीग उघडली. कोणाला काढायचं, असं यंत्राने विचारलं. हॉलमध्ये क्षणभर कोणी बोललं नाही. मग चौघांनी एकदम हैदराबादवर बोट ठेवलं. २०१९ चा हिशेब कोथरूडमध्ये असा चुकता झाला. पुढचा प्रश्न होता, तुमचा पारंपरिक प्रतिस्पर्धी कोण? मुंबईचं नाव टाकताना यादी खाली सरकवायला लागला तेवढाच वेळ लागला.

गेममधलं पुणे आता २०३४ सालात आहे. दुसऱ्या दिवशी सबमिशन असतं तेव्हा चार-चार मोसम एका रात्रीत उरकतात. आशियाचा चषक दोनदा आला आहे. मैदान काठोकाठ भरलेलं असतं, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच भरलेलं असतं. एकही प्रेक्षक चांदणी चौकात अडकत नाही. कोणालाही पार्किंग मिळालं नाही म्हणून पूर्वार्ध हुकत नाही. मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभा राहिलेला माणूस गोलाचा आवाज ऐकून शिव्या देत पळत येत नाही. निवेदन इंग्रजीत चालतं आणि निवेदक फार सभ्य आहेत. समोर मोकळा गोल असताना चेंडू आकाशात मारणाऱ्याबद्दल ते 'दुर्दैवी' म्हणतात. क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत आणणारे बाळ ज. पंडित या गावचे. त्यांच्या वर्णनावर कान तयार झालेल्या माणसाला हे अळणी लागतं. घोरपडीच्या डोबरवाडी मैदानावर जिल्ह्याच्या लीगचा एखादा सामना पाहा. कडेला स्कूटरवर बसलेला माणूस चार भाषांत जे निवेदन करतो, ते टिपायला कुठल्याच कंपनीने त्याला संवेदक लावलेले नाहीत. "बॉल घर लेके जा, मम्मी को दिखा," हे वाक्य मी तिथे एका सामन्यात तीन वेगवेगळ्या विंगरना उद्देशून ऐकलं आहे, आणि तिन्ही वेळा ते योग्य होतं.

एफसी २५ मध्ये पाच विरुद्ध पाच असा एक प्रकार आला, त्याचंही फार कौतुक झालं. तो पुण्यात आधीच होता. बाणेरपासून कात्रजपर्यंत जिथे गच्ची किंवा बिगरशेती प्लॉट मोकळा दिसला तिथे हिरवी चटई, चारी बाजूंनी जाळी आणि तासाचं भाडं. आयटीतली पोट सुटलेली मुलं रात्री अकराला तिथे पाच-पाच खेळतात आणि गोल झाला की गेममध्ये पाहिलेल्या रीतीने गुडघ्यावर घसरत जातात. गेममध्ये गुडघा सोलवटत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला एफसी २६ आला. त्यात कंपनीने खेळण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या आहेत : एक 'कॉम्पिटिटिव्ह', ऑनलाइन हाणामारीसाठी वेगवान, दुसरी 'ऑथेंटिक', करिअर खेळणाऱ्यांसाठी, खऱ्या फुटबॉलच्या जवळची. दर्जाच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे, असं जाणकार म्हणतात. मला ती मोठी कबुली वाटली. मजेचा फुटबॉल निराळा आणि खरा निराळा, हे खुद्द दुकानदाराने मेनूवर लिहून टाकलं. भाच्याने अर्थातच 'ऑथेंटिक' निवडला, आणि चार दिवसांनी "फार स्लो आहे रे" म्हणून बदलला.

तो खरोखर ऑथेंटिक असता तर? मी कंपनीच्या जागी असतो तर एक 'पुणे मोड' दिला असता. करिअरमध्ये कामगिरी वाईट झाली तर संचालक मंडळ प्रशिक्षकाला काढून टाकतं, एवढं गेमला येतं. पण मालकालाच एके दिवशी क्लब नकोसा होतो, हे गेमला ठाऊक नाही. पुणे मोडमध्ये तुम्ही उपान्त्य फेरी गाठाल, छेत्री तुम्हाला तीन गोल मारेल, तुम्ही पुढच्या मोसमासाठी नवा स्ट्रायकर हेरून ठेवाल, आणि मग पडद्यावर फक्त 'धन्यवाद' येईल. कुठलंही बटण दाबलं तरी हैदराबादचं बोधचिन्ह दिसेल. चाहत्यांच्या हातात नारिंगी मफलर उरतील, ते थंडीत कामाला येतील. शिवाय एक नामांकित खेळाडू येईल, विमानतळावर फोटो काढून घेईल आणि सरावातच जायबंदी होईल. हे गवताइतकं सुरेख काढून दाखवा, मग बोलू.

माझ्या या सूचनेवर चर्चा चालू होती त्याच रात्री साडेअकराला दारावरची बेल वाजली. सोसायटीचे चिटणीस होते. "गोल" या आरोळीबद्दल त्यांच्याकडे तोंडी तक्रार आली होती आणि ती लेखी होण्याआधी ते समज द्यायला आले होते. समज देता देता त्यांची नजर पडद्यावर गेली. चिटणीस खडकीच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि कारखान्याच्या संघातून खेळलेले आहेत. ते चपला न काढता आत आले.

"हा लेफ्ट आउट इतका आत का शिरतोय?" त्यांनी विचारलं.

"लेफ्ट आउट आता नसतो, काका. इन्व्हर्टेड विंगर."

"चूक आहे," चिटणीस म्हणाले आणि बसले.

त्यांच्या हातात रिमोट दिला. पाच मिनिटांत त्यांचा माणूस गोलसमोर एकटा उभा. "गोल दाबा, काका, गोल!" चौघे ओरडले. "अरे गोलच मारतोय, पण बटण कुठलं?" काका दुप्पट ओरडले. ज्यांनी तोंडी तक्रार केली होती ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ यानंतर स्वतः खाली आले आणि तेही राहिले.

क्लबाचं मातेरं झालं ते तिथून. चिटणिसांना जांभळा रंग मान्य नव्हता. वरच्या मजल्याचं म्हणणं, बिल्ल्यावर शनिवारवाडा हवा, घोडा कशाला? भाच्याचा जो मित्र निगडीहून येतो, तो इतके दिवस गप्प होता. त्याने आता विचारलं, की नावात नुसतं पुणे का, पिंपरी-चिंचवड का नाही? क्लब उभा राहिला तेव्हा डेटा त्याच्या मोबाइलचा वापरला होता. मुद्दा रास्त होता, त्यामुळे तो कोणालाच आवडला नाही. चिटणिसांनी तातडीची सभा घेतली, गणसंख्येअभावी ती अर्धा तास तहकूब केली आणि त्याच जागी पुन्हा भरवली. ठराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी निगडीच्या मित्राने आपल्या घरी वेगळा क्लब काढला आणि आमच्या संघातले दोन बचावपटू आणि ब्राझीलचा तो चांगला पोरगा त्याने आधी उचलला. चिटणिसांनी नातवाच्या मशीनवर तिसरा काढला आहे. त्यात लेफ्ट आउट रेषेवर उभा असतो आणि आत शिरत नाही. तिन्ही क्लबांनी मुंबईलाच प्रतिस्पर्धी म्हणून नेमलं आहे, पण मुंबईशी सामना अजून कोणाचाच झालेला नाही, कारण घरचं मैदान म्हणून बालेवाडी कोणी लावायचं, यावर पत्रव्यवहार सुरू आहे.